कुणाला उठवायचं?

रात्री सव्वादोनला फोन वाजला की कराड तालुक्यातल्या घरांत पूर्वी आधी छातीत धस्स व्हायचं. अवेळचा फोन म्हणजे पै-पाहुण्यांत कुणीतरी गेलेलं. आता घरातली बाई डोळे न उघडता कूस बदलते आणि नवऱ्याला सांगते, "तुमचाच आसंल. मोटरीचा हाय."

आणि तो खरोखर मोटरीचा असतो. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत मोबाईल स्टार्टर नावाचं एक यंत्र सिमकार्ड पोटात घालून बसलेलं असतं. त्यातली ध्वनिमुद्रित बाई आकाशवाणीला शोभेल अशा स्वच्छ मराठीत कळवते, की थ्री फेज वीजपुरवठा सुरू झाला आहे, मोटर चालू झाली आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच : एक फेज नाही, मोटर बंद झाली आहे. मग पुन्हा : वीजपुरवठा पूर्ववत. तिला झोप नाही, घरदार नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे तिला उलट बोलता येत नाही. घरोघरचे आबा तरीही बोलतात. "बरं, बरं, कळलं" असं म्हणून फोन ठेवतात. काही जण "ठेवू का मग?" असंही विचारतात.

वीज तयार करण्यात आमचे सातारा-सांगली हे दोन जिल्हे कुणाला हार जाणारे नाहीत. कोयनेचं धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. पाणी आमचं, पण मुख्य वीजगृहं सह्याद्रीच्या पलीकडे चिपळूण तालुक्यात. १९६२ साली तिथली पहिली यंत्रं फिरली आणि आज सगळ्या प्रकल्पाची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या इतक्या, की एके काळी पाऊस कमी झाल्याचा आळही त्यांच्यावर आला. त्या ढग हाकलतात म्हणे. शिवाय साखर कारखाने उसाचा चोथा जाळून वीज करतात आणि वर विकतातही. एवढं सगळं असून शेतीपंपाला थ्री फेज लाईट येते ती पाळीनं : कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रात्रपाळीत बांधावर साप, उसात बिबट्या आणि हातात बॅटरी, अशा थाटात माणसं बटण दाबायला जात. त्यामुळे घरात बसून मोबाईलवरनं मोटर चालू करता येते हे कळल्यावर लोकांनी ते यंत्र डोक्यावर घेतलं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं ते याच कामासाठी. पुढे अशी यंत्रं बऱ्याच कंपन्यांनी काढली.

माणसानं मोटरीला फोन करायचा, इथवर सगळं सुरळीत होतं. भानगड सुरू झाली ती मोटर माणसाला फोन करायला लागल्यावर. कारण मग प्रश्न आला, कुणाला?

अशा पेटीत चार-पाच नंबर घालता येतात. पहिला नंबर कुणाचा, यावरून कराडकडच्या एका घरात जी चर्चा झाली ती वाटणीच्या वेळीही झाली नसेल. सातबारा आबांच्या नावावर, म्हणून पहिला मान त्यांचा. थोरला शेत बघतो, म्हणून दुसरा. धाकटा हिंजवडीत असतो, पण यंत्राचे पैसे त्यानं भरलेले, म्हणून तिसरा. चौथा नंबर बसवायला आलेल्या पोरानं तपासणीसाठी स्वतःचा घातला आणि काढायचा विसरला. त्या पोराला अजून पंचक्रोशीतल्या यच्चयावत विहिरींची हालहवाल कळते आणि त्यानं त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. एकटेपणावर माणसं काय काय उपाय करतात.

आता विहिरीतलं पाणी संपलं की मोटर कोरडी चालू नये म्हणून यंत्र ती बंद करतं आणि सगळ्यांना कळवतं. धाकटा तेव्हा हिंजवडीत काचेच्या खोलीत अमेरिकेतल्या साहेबाशी बोलत असतो. तो बाहेर येऊन घाबऱ्याघाबऱ्या घरी फोन लावतो.

"आबा, विहिरीतलं पाणी संपलंय!"

"आरं, मी विहिरीवरच हुबा हाय की."

हा तिढा सोडवला थोरल्या सूनबाईंनी, कारण झोपमोड त्यांचीच सर्वांत जास्त होत होती. पहाटे पाचला धारा त्यांनाच काढायच्या असतात. यंत्राबरोबर आलेला कागद त्यांनी जेवणानंतर चष्मा लावून वाचला आणि सरळ सांगितलं, "लाईट आली, लाईट गेली, हे कशाला पायजे? लाईट गेली तर आपण काय करणार हाय? लाईट असून मोटर बंद पडली, तर तेवढं उठवायचं. आणि ते बी ह्यांनाच. आबा, तुमी झोपा." त्यांनी बाकीचे सगळे फोन बंद केले. आबा आठवडाभर फुरंगटून होते. आपल्याला कुणी काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सूनबाईंनी एका रात्रीत जे केलं, ते करायला कारखान्यांत सल्लागार बोलावतात.

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला असाच एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. मालक वाचनाचे शौकीन आहेत. तिथे ओतकाम चालतं, म्हणजे विजेवरच्या भट्ट्या आहेत, म्हणजे वीजबिल हा त्या घरातला कर्ता पुरुष आहे. मालक एका प्रदर्शनाला गेले आणि येताना विजेवर लक्ष ठेवणारी सिस्टिम घेऊन आले. प्रत्येक पॅनेलवर एक मीटर. सगळे मीटर एका वायरीत ओवलेले. ती वायर ऑफिसातल्या संगणकाला. आणि मीटरमधला प्रत्येक आकडा म्हणजे एक चॅनेल. आर फेजचा व्होल्टेज एक चॅनेल, वाय फेजचा दुसरा, करंटची तीन, पॉवर फॅक्टरचं एक, युनिटचं एक. असं करत करत चॅनेलं शेकड्यांत गेली. बसवायला पुण्याहून एक मुलगा आला होता. खिशात टेस्टर, डोळ्यांत झोप, आणि दर दोन वाक्यांमागे "होऊन जाईल सर".

पहिली अडचण नावांची. संगणक विचारतो, या चॅनेलचं नाव काय? कागदोपत्री नाव 'एमसीसी-३, आऊटगोइंग ५'. हे नाव कारखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'पाटलांचा कॉम्प्रेसर' म्हणतात. पाटील निवृत्त होऊन गावी गेले, कॉम्प्रेसर बदलला, जागाही बदलली, पण नाव कायम. 'जुन्या गेटचं पॅनेल' नव्या गेटला आहे. 'नवं पॅनेल' सगळ्यांत जुनं. एका फिडरचं नाव इतकं अस्सल सांगलीचं होतं, की ते टंकायला त्या मुलाचा हात धजेना. त्यानं तिथे 'इतर' असं लिहिलं. पुढे सहा महिने मालकांना अहवालात दिसत राहिलं, की कारखान्यात सर्वांत जास्त वीज 'इतर' खातं, आणि त्यांनी हिशेबनिसाला त्यावरून झापलंसुद्धा.

दुसरी अडचण उलट्या सीटीची. पॅनेलमधला करंट थेट मीटरमध्ये सोडता येत नाही, म्हणून केबलभोवती सीटी नावाचं कडं घालतात; ते चारशे अँपिअरचे पाच करून मीटरला दाखवतं. हे कडं उलट्या तोंडानं घातलं, की मीटरला वीज उलटी वाहताना दिसते. एका भट्टीचा आकडा उणे यायला लागला. साखर कारखान्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिथे वीज खरोखरच बाहेर जात असते. इथे मात्र मालकांचे मेहुणे आकडा बघून खूश झाले. भट्टी वीज खात नाही, उलट देते, असा त्यांचा समज झाला आणि ती भट्टी जास्त चालवायची सूचना त्यांनी लेखी दिली.

तिसरी अडचण, दोन मीटरांना चुकून एकच क्रमांक दिला गेला. संगणकानं त्या क्रमांकाला हाक मारली की दोघंही एकदम बोलू लागत. ग्रामसभेत होतं तेच झालं : आवाज खूप, इतिवृत्तात काहीच नाही.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. खरं नाटक झालं ते अलार्मच्या बैठकीत. मुलानं विचारलं, "सर, कुठल्या गोष्टीचा अलार्म कुणाला पाठवायचा?" मालक म्हणाले, "मला सगळं कळलं पाहिजे." मालकांना सगळं कळणार म्हटल्यावर मॅनेजर म्हणाले, मलाही. मालकांचा फोन आला आणि मॅनेजरना आधीच ठाऊक नसलं तर कसं? मग फोरमननी तोच हिशेब केला. हिशेबनिसांना पॉवर फॅक्टर हवा होता, कारण तो घसरला की बिल फुगतं. टाइम ऑफिसच्या कारकुनाचा विजेशी संबंध पंख्यापुरता. पण "माहितीसाठी असावं" म्हणून त्याचाही नंबर घातला. ज्यानं प्रत्यक्ष पॅनेल उघडायचं, तो रात्रपाळीचा वायरमन बैठकीला नव्हता. तो रात्रपाळी करून झोपला होता. त्याचा नंबर राहून गेला.

व्होल्टेज ४०० च्या खाली गेला की कळवायचं, असं ठरलं. आकडा गोल असला की माणसाला बरा वाटतो. त्या रात्री व्होल्टेज ३९९ आणि ४०१ यांच्यामध्ये झुलत बसला. ३९९ : व्होल्टेज कमी. ४०१ : व्होल्टेज पूर्ववत. ३९९ : व्होल्टेज कमी. कॉम्प्रेसर सुरू झाला की पहिले काही क्षण मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते, हा तिचा जन्मजात स्वभाव. प्रत्येक वेळी ओव्हरलोडचा मेसेज वेगळा. सकाळपर्यंत मालकांच्या फोनमध्ये मेसेजांचा खच पडला होता आणि मालकीणबाईंनी फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता.

पुण्याचा मुलगा पुन्हा आला. त्यानं समजावलं, की एक पातळी इशाऱ्याची ठेवायची, एक धोक्याची. आणि एकदा इशारा दिल्यावर आकडा चांगला वर आल्याशिवाय 'पूर्ववत' म्हणायचं नाही. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. फोरमन सांगलीचे, नदीकाठचे. ते म्हणाले, "म्हणजे आयर्विन."

बरोबर आयर्विन. १९२९ साली उभ्या राहिलेल्या या पुलानं सांगलीकरांना जे शिकवलंय ते कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असतील असं वाटत नाही. कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. पण सांगलीकर नुसत्या आकड्यावर उठत नाही. तो विचारतो, "चढ हाय का उतार?" ४० फूट एक इंचाचं ३९ फूट अकरा इंच झालं म्हणून 'पूर्ववत' अशी हाळी कुणी देत नाही. शिवाय तो आयर्विनवर अवलंबूनही नसतो. कोयनेतनं विसर्ग किती, कराडच्या कृष्णा पुलाला किती, बहे पुलाला किती, भिलवडीला किती, हे आकडे तो वरून खाली वाचत येतो आणि पाणी आपल्या गल्लीत कधी येणार ते पानटपरीवर उभा राहून सांगतो. चॅनेलं मोजकी, पण प्रत्येकाचा अर्थ पाठ. आणि मुख्य म्हणजे आकड्यामागं काम ठरलेलं असतं : एवढे फूट झाले की सूर्यवंशी प्लॉट हलवायचा, एवढे झाले की दत्तनगर, एवढे झाले की मारुती चौकातल्या दुकानदारांनी माल माळ्यावर चढवायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा कुठलाच हिशेब पुरा पडला नाही; त्यावर विनोद करण्याइतका मी बाहेरचा नाही. पण एरवी ४० फुटांच्या आसपास अर्धी सांगली मुलांना घेऊन पाणी बघायला येते, हेही खरंच आहे. इशारा पातळीचा एवढा कौटुंबिक उपयोग अन्यत्र होत नसेल.

भोंग्याचं उदाहरण तर आणखी जवळचं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा वाजतो, मग चालू. बातमी बीबीसीपर्यंत गेली. या यंत्रणेत चॅनेल एक आणि संदेश दोन. भोंगा वाजल्यावर काय करायचं हे पहिलीतल्या पोराला ठाऊक, आणि आजीलाही, जिची मालिका बुडते. तिनं ते मनापासून मान्य केलंय की नाही हा वेगळा विषय.

कारखान्यात मात्र अलार्म वाजल्यावर काय करायचं, हे ठरवायला बैठक झाली नव्हती. फक्त 'पॉवर अलर्ट' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता. मेसेज आला की मॅनेजर अंगठा दाखवत. मॅनेजरांनी अंगठा दाखवल्यावर फोरमन दाखवत. कॅपॅसिटर बँकेचा फ्यूज उडाल्याच्या मेसेजला एकदा सात अंगठे आणि दोन वेळा हात जोडलेले असं भरघोस स्वागत झालं. फ्यूज तसाच उडालेला राहिला, आणि महिनाअखेरीला घसरलेल्या पॉवर फॅक्टरमुळे बिल फुगून आलं. हिशेबनिसांनी त्या बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यालाही अंगठे आले.

हे फक्त कुपवाडलाच होतं असं समजून कुणी खजील व्हायचं कारण नाही. १९९४ च्या जुलैत ब्रिटनमध्ये मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत तिथल्या दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म येऊन पडले होते. त्यातले कामाचे कुठले हे शोधायचं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधण्यापेक्षा अवघड. नंतर तिकडच्या जाणकारांनी मार्गदर्शक पुस्तिका काढली, की एका माणसाला दहा मिनिटांत एखादा अलार्म झेपतो, त्याहून जास्त देऊ नका. आपल्याकडे एका माणसाला दहा मिनिटांत किती झेपतं, याचं मोजमाप कुणी करायला घेतलं नाही हे बरं. लग्नसराईत तो आकडा जाहीर करणं अवघड गेलं असतं.

शेवटी कारखान्यातला गोंधळ मिटवला रात्रपाळीच्या ऑपरेटरनं. ऑफिसातला तो संगणक रात्रभर कुई कुई करायचा आणि प्रत्येक वेळी उठून 'पाहिलं' असं बटण दाबावं लागायचं. पासवर्ड स्क्रीनच्याच कडेला चिकटवलेला होता. त्यानं व्होल्टेजची मर्यादा ४०० ची १०० केली. एका झटक्यात शांतता. पुढच्या बैठकीत आलेख दाखवला गेला, की अलार्मची संख्या जवळजवळ शून्यावर आली आहे. पुण्याच्या कंपनीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि गणपतीची फ्रेम.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. लाईट गेल्याचा मेसेज येत नव्हता. येत होता, पण लाईट आल्यावर. कारण लाईट गेली की संगणकाबरोबर इंटरनेटचा डबाही बंद पडायचा आणि मेसेज आतच अडकायचा. अंधारात बसून सगळे वाट बघत. लाईट येई, पंखे फिरू लागत आणि मग सगळ्यांच्या फोनवर एकदम : 'वीजपुरवठा खंडित झाला आहे.' मालकांनी विचारलं, उद्या ही सिस्टिमच बंद पडली तर ते कोण सांगणार? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म सिस्टिम दुपारी सव्वादोनच्या सुमाराला गुपचूप बंद पडली. अलार्म येत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, अशा समजुतीत तासाभराहून जास्त वेळ गेला. तोवर एकेक लाईन पडत गेली आणि चारच्या सुमाराला अमेरिका आणि कॅनडातली मिळून पाच कोटी माणसं अंधारात.

म्हणून उपाय निघाला, की रोज सकाळी सातला सिस्टिमनं स्वतः मेसेज टाकायचा : 'सिस्टिम सुरू आहे. सर्व चॅनेल ठीक.' तो आला नाही, तर समजायचं की काहीतरी बिघडलं. मालकांना हे फार आवडलं. ते त्याला रोज "शुभ सकाळ" असं उत्तर देऊ लागले. मग मॅनेजरही. मग कुणी फुलांचं चित्र.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी मेसेज आलाच नाही. सव्वासात झाले. टाइम ऑफिसचा तो कारकून, ज्याला 'माहितीसाठी' घेतलं होतं, तो सर्वांत लवकर येतो. मालकांचा मूड जाईल या काळजीनं त्यानं आदल्या दिवशीचा मेसेज उचलून पुन्हा टाकला. मालकांचं "शुभ सकाळ" आलं. दुसऱ्या दिवशीही त्यानं टाकला. तेव्हापासून मेसेज सातच्या ठोक्याला येतोय, सिस्टिम पाठवायची त्यापेक्षा वक्तशीर. संगणकावर कुणीतरी प्लास्टिकचं कव्हर घातलंय.

मालक तसे बारकाईनं बघणारे. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांनी विचारलंच, "सिस्टिम बाकी उत्तम चाललीय, पण दर गुरुवारी बंद का असते?"

गुरुवारी टाइम ऑफिसला साप्ताहिक सुट्टी. फोरमननी कारकुनाकडे बघितलं, कारकुनानं पंख्याकडे.

"गुरुवारचा उपास धरलाय साहेब तिनं," फोरमन म्हणाले, आणि मॅनेजरांनी ते इतिवृत्तात 'देखभाल' असं लिहून घेतलं.